ब्लेडचं पाकीट संपेना

लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग, म्हटलं की हात आपसूक मानेकडे जातो. गळ्याशी गाठ आहे का, काखेत काही लागतंय का, जांघेत सूज आहे का. आमच्या नानाकाकांना लिम्फोमा झाल्याचं कळलं तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने पहिला प्रश्न हाच विचारला, "गाठ कुठे होती?" कुठेच नव्हती. सोनोग्राफीत नव्हती, सीटी स्कॅनमध्ये नव्हती, डॉक्टरांनी बोटांनी चाचपलं तेव्हाही नव्हती. शेवटी काकू वैतागून सगळ्यांना एकच उत्तर द्यायला लागली, "नळ्यांमध्ये होती." आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चहा ठेवायला आत जायची.

काकूचं उत्तर पुस्तकातल्या व्याख्येच्या फार जवळ जाणारं होतं. आजाराचं नाव इंट्राव्हॅस्क्युलर लार्ज बी-सेल लिम्फोमा. शरीराचं संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी बी जातीच्या लिम्फोसाइट बिघडतात, आकाराने मोठ्या होतात, बेसुमार वाढतात. इथवर सगळं इतर लिम्फोमांसारखंच. पण या पेशी लसीकाग्रंथींमध्ये ठाण मांडत नाहीत. त्या रक्तवाहिन्यांच्या आतच, त्यातही सगळ्यात बारीक वाहिन्यांमध्ये साचत राहतात. वाहिनीची भिंत ओलांडून सहसा बाहेर पडत नाहीत, त्यामुळे गाठ बनत नाही. आणि वाहत्या रक्तात त्या इतक्या विरळ असतात की बोटातलं किंवा दंडातलं रक्त काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तरी बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. वर्षाला दहा लाख माणसांत एकालाही होत नाही इतका विरळा आजार, आणि होतो तो बहुधा साठी-सत्तरीच्या माणसांना.

ज्या अवयवातल्या केशवाहिन्या तुंबतील त्या अवयवाची तक्रार सुरू होते. मेंदूत तुंबल्या तर विसरभोळेपणा, फिट किंवा लकवा. फुप्फुसात तुंबल्या तर धाप. त्वचेत तुंबल्या तर लालसर-निळे चट्टे. म्हणजे रुग्ण एकाच आजाराने न्यूरोलॉजिस्टकडे, छातीच्या डॉक्टरांकडे किंवा त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊ शकतो, आणि तिघांचेही रिपोर्ट आपापल्या जागी 'तसं काही विशेष नाही' असं म्हणू शकतात. नानांच्या बाबतीत तुंबली ती पीयूषिका ग्रंथी. पिट्युइटरी. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, नववी-दहावीला या ग्रंथीची आकृती फळ्यावर काढते, तिच्या संप्रेरकांची नावं मुलांकडून घोकून घेते. ती बंद पडली की माणूस कसा दिसतो हे मात्र त्या आकृतीत कुठेच नसतं.

तो म्हातारा दिसतो. एवढंच.

नाना वडोदऱ्याच्या महानगरपालिकेत पाणीपुरवठा खात्यात होते. सयाजीराव महाराजांनी आजव्याचं तळं बांधून शहराला नळाचं पाणी दिलं, त्या तळ्यापासून दांडिया बाजारातल्या आमच्या घरापर्यंत पाणी कोणत्या रस्त्याने येतं हे त्यांना तोंडपाठ. निवृत्त झाल्यावरही कुणाच्या पोळात, म्हणजे गल्लीत, पाणी कमी दाबाने आलं तर लोक आधी नानांना विचारत, मग ऑफिसला फोन करत. सकाळी सूरसागरच्या काठाने फेरी, येताना कुठेतरी उभ्या उभ्या सेव उसळ, घरी आल्यावर 'काही खाल्लं नाही' असा साळसूद चेहरा. गणपतीत आरत्यांचा आवाज त्यांचा. केम छो विचारलं की "मजामां!" इतक्या जोरात की विचारणारा दचकावा.

दिवाळीनंतर ते हळूहळू मंद होत गेले. सकाळची फेरी आधी लहान झाली, मग बंद झाली. जेवणात अर्धी पोळी. बोलणं कमी. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, पतंगांसाठी आमच्याकडे गच्चीवर घर लोटतं, उंधियू येतं, खालून वरून 'काइपो छे'चा गलका असतो. नाना खाली खोलीत शाल पांघरून बसून राहिले. जानेवारीत सगळ्यांनाच थंडी वाजते, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात आलं नाही. होळीला मात्र पंखे फिरायला लागले तरी त्यांच्या अंगात स्वेटर होता. शेजारचे पटेलकाका समजूत घालत म्हणाले, "हवे उंमर थई." डॉक्टरही तेच म्हणाले, फक्त मराठीत. आमचे फॅमिली डॉक्टर भले माणूस, त्यांनी नुसतं म्हणून सोडलं नाही. साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड सगळं करून घेतलं. हिमोग्लोबिन जरा कमी. थायरॉइड नॉर्मल.

या 'थायरॉइड नॉर्मल'वर थोडं थांबायला हवं, कारण घरोघरी हा रिपोर्ट असतो. बहुतेक ठिकाणी थायरॉइड म्हणून जी पहिली तपासणी होते ती टीएसएचची. टीएसएच हे पीयूषिकेने थायरॉइडला दिलेला हुकूम. थायरॉइड आळशी झाली की पीयूषिका जोरात हुकूम सोडते, टीएसएच वाढतं, आणि दोष पकडला जातो. पण हुकूम देणारीच आजारी पडली तर? थायरॉइडचं संप्रेरक घटलेलं असतं आणि टीएसएच मात्र बेताचं, कागदावर नॉर्मलच्या खान्यात. ते संप्रेरक, फ्री टी-फोर, सोबत पाहिलं तरच गोम कळते. नानांचं पाहिलं गेलं नव्हतं. पाहायचं काही कारणही कुणाला दिसलं नव्हतं, हे कबूल करायला हवं.

काकूला मात्र एक वेगळीच गोष्ट खटकत होती. महिन्याच्या सामानाची यादी ती स्वतः लिहिते, साबणापासून जिऱ्यापर्यंत. नानांच्या दाढीच्या ब्लेडचं पाकीट त्या यादीत ठरल्या वेळी येतं; चाळीसेक वर्षांचा तिचा हिशेब आहे. त्या हिवाळ्यात पाकीट संपेचना. तिने आधी नानांना विचारलं, की दाढी रोज करत नाही का? ते म्हणाले, "वाढतच नाही तर काय करू?" मग तिने मला सांगितलं, हसत हसत, "बघ, ह्यांनी म्हातारपणी बचत सुरू केलीय." मीही हसले. बायका जमल्या की नवऱ्यांची अशी थट्टा चालतेच.

होळीनंतर ताप सुरू झाला. संध्याकाळी अंग तापायचं, रात्री घामाने गादी ओली, वजन उतरत चाललेलं. आपल्याकडे संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम आणि उतरतं वजन या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की डॉक्टरांच्या डोक्यात कोणता आजार येतो हे सांगायला नको. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. कफात जंतू नव्हते, छातीचा एक्स-रे स्वच्छ होता, तरी टीबी शरीरात कुठेही लपू शकतो म्हणून एका मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञांनी अंदाजाने टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. अशा अंदाजाने सुरू केलेल्या गोळ्यांनी बरी झालेली माणसं माझ्याच ओळखीत आहेत.

पण त्या गोळ्यांत रिफॅम्पिसिन असतं. लघवी नारिंगी करणारं तेच औषध. ते यकृतातल्या विकरांचा, म्हणजे एन्झाइमांचा, वेग वाढवतं आणि शरीरातलं कॉर्टिसोल, ताणात तग धरायला लागणारं संप्रेरक, भराभर मोडून टाकतं. तुमच्या-आमच्या शरीरात याचं काही बिघडत नाही, मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी थोडं जास्त कॉर्टिसोल बनवतात. ज्याची पीयूषिकाच अधिवृक्काला हुकूम द्यायला थकली आहे, त्याच्याकडे वाढवायला काही नसतं. नाना कसेबसे जेवढ्या कॉर्टिसोलवर तगून होते तेवढंही गेलं. एका सकाळी ते न्हाणीघराच्या दारातच खाली बसले आणि उठता येईना. हाक मारली तर डोळे उघडायचे, पुन्हा मिटायचे. इस्पितळात नेलं तेव्हा रक्तदाब खाली, साखर खाली, सोडियम फारच खाली.

कॅज्युअल्टीत त्या दिवशी एक तरुण डॉक्टर ड्युटीवर होती. सलाईन लावता लावता तिने नानांच्या गालावरून हात फिरवला. मला वाटलं, धीर देतेय. तिने काकूकडे वळून विचारलं, "दाढी कधी केली होती?" काकूने मोजून सांगितलं, मंगळवारी. आज कोणता वार होता ते डॉक्टरने मनात ताडून पाहिलं असावं, कारण तिने पुन्हा विचारलं, "नेहमी किती दिवसांनी करतात?" आणि मग काकूने ब्लेडच्या पाकिटाची सगळी हकिगत सांगितली. नर्सला वाटलं बाई घाबरून काहीतरी बडबडतेय. डॉक्टर मात्र ऐकत होती. नानांचा चेहरा फिकट, मेणासारखा गुळगुळीत झाला होता. आम्ही रोज बघत होतो म्हणून दिसत नव्हता. तिने कॉर्टिसोलसाठी रक्त काढून घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे औषधाच्या रूपातल्या कॉर्टिसोलचं, इंजेक्शन दिलं. संध्याकाळी नाना डोळे उघडून म्हणाले, "चहात साखर कमी आहे." चहा अजून आलेलाच नव्हता, पण आम्ही कुणी दुरुस्ती केली नाही.

पुढचे रिपोर्ट एकामागून एक आले. कॉर्टिसोल तळाला, त्याला हुकूम देणारं एसीटीएचही तळाला, फ्री टी-फोर कमी, पुरुषी संप्रेरक जवळपास नाहीच. अख्खी पुढची पीयूषिका थंडावली होती. एमआरआयमध्ये ग्रंथी किंचित फुगीर वाटली, पण ज्याला ट्यूमर म्हणावं असं काही दिसलं नाही.

ही ग्रंथी ट्यूमरशिवाय, नुसत्या रक्तपुरवठ्यामुळेही बुडू शकते, हे मला तेव्हा वाचताना कळलं. तिचं वजन जेमतेम अर्धा ग्रॅम, कवटीच्या तळाशी हाडाच्या खोबणीत बसलेली. तिच्या पुढच्या भागाला रक्त येतं ते मोठ्या धमनीतून सरळ नाही. आधी ते वरच्या हायपोथॅलॅमसच्या तळाशी केशवाहिन्यांच्या जाळ्यात शिरतं, तिथले रासायनिक निरोप उचलतं, मग लांबट शिरांमधून खाली येऊन पीयूषिकेत दुसऱ्यांदा केशवाहिन्यांत पसरतं. लंडनमध्ये पोपा आणि फील्डिंग या दोघांनी १९३० मध्ये या शिरांचं वर्णन केलं तेव्हा त्यांना वाटलं की रक्त खालून वर जातं. १९३६ मध्ये विस्लॉकी आणि किंग यांनी दाखवलं की ते वरून खाली येतं. मेंदू या ग्रंथीला रक्तातून निरोप धाडतो ही कल्पना पटायला तर पुढे अनेक वर्षं गेली. ते निरोप म्हणजे नेमकी कोणती रसायनं हे शोधण्यासाठी गिलेमिन आणि शॅली यांना १९७७ चं नोबेल मिळालं. दुहेरी जाळ्याची ही रचना निरोप पोचवायला उत्तम, पण प्रवाह जरा अडला की ग्रंथीचं मरण.

आपल्याकडच्या जुन्या घरांमध्ये एखादी बाई बाळंतपणात फार रक्त गेल्यानंतर 'पुन्हा उभीच राहिली नाही' असं सांगतात. दूध आलं नाही, पाळी परत आली नाही, कायम गारठलेली, कायम थकलेली, तिशीतच पन्नाशीची दिसणारी. गरोदरपणात पीयूषिका फुगते आणि रक्ताची भूक वाढते. त्याच वेळी अंगावरून रक्त गेलं की ती उपाशी मरते. ग्लासगोच्या शीहान यांनी १९३७ मध्ये याचं वर्णन केलं, आणि भारतात अजूनही ते दुर्मीळ म्हणता येत नाही. आमच्या आजोळी अशी एक मावशी होती. तिला सगळे 'आळशी' म्हणत. दुसरा प्रकार घोणसीचा. घोणस चावली की तिचं विष रक्ताच्या गुठळ्या करतं, रक्तस्रावही करवतं. त्यातून वाचलेल्या काहींची पीयूषिका मरते आणि हे महिन्यांनी, वर्षांनी उघड होतं. तोवर सापाची आठवणही घरच्यांना नसते. बाळंतपण नाही, घोणस नाही, मग नानांच्या ग्रंथीतलं रक्त कशाने अडलं? ताप का? आणि रक्तातलं एलडीएच इतकं चढलेलं का?

एलडीएच हे विकर जवळपास प्रत्येक पेशीत असतं, पेशी मोडल्या की रक्तात सांडतं. सांडलं एवढंच कळतं, कुठून ते कळत नाही. म्हणून बऱ्याच रिपोर्टांत त्याच्याकडे कुणी फारसं बघत नाही. या लिम्फोमात ते बहुसंख्य रुग्णांत वाढलेलं असतं. ताप आहे, एलडीएच वाढलेलं आहे, गाठ कुठेच नाही, आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या तक्रारी आहेत, या चार गोष्टी एका कागदावर एकाखाली एक लिहिल्या की हा आजार सुचतो. वेगवेगळ्या फायलींत असल्या की सुचत नाही. आमच्याकडे तो कागद रक्तविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी लिहिला, लेटरपॅडच्या मागच्या बाजूला, काकूला समोर बसवून. त्यात दाढीचा उल्लेख एलडीएचच्या वर होता.

आता घाई होती, आणि घाईचं कारण चमत्कारिक होतं. हायड्रोकॉर्टिसोनशिवाय नाना जगले नसते. पण ते स्टेरॉइड आहे, आणि स्टेरॉइड लिम्फोमाच्या पेशींनाही मारतं. भरपूर दिलं तर पेशी तात्पुरत्या विरघळतात, ताप उतरतो, घरचे पेढे वाटतात, आणि बायोप्सीत काही सापडत नाही. पुढे आजार परत उसळतो तेव्हा हातात वेळ नसतो. नानांचा ताप उतरला होता. आम्ही खूश होतो, डॉक्टर नव्हते. शरीराला रोज लागतं तेवढ्याच मात्रेवर स्टेरॉइड आणून त्यांनी बायोप्सी लगेच ठरवली.

बायोप्सी कशाची? पीयूषिकेला हात लावायचा तर नाकातून कवटीच्या तळाशी जायचं. त्याऐवजी डॉक्टर म्हणाले, त्वचेची. कुठल्या त्वचेची, जिथे काही झालेलं नाही तिची? हो, तिचीच. जपानमधल्या डॉक्टरांनी हा मार्ग रूढ केला: त्वचा वरून अगदी निरोगी दिसत असली तरी मांडी, पोट, दंड अशा दोन-तीन जागांहून चरबीपर्यंत खोल तुकडे घ्यायचे, कारण चरबीच्या थरातल्या बारीक वाहिन्यांमध्ये या पेशी दडलेल्या सापडतात. आणि अंगावर लाल तीळ असतील तर एक तोही घ्यायचा. वयानुसार पोटावर, छातीवर जे चकचकीत लाल ठिपके येतात ते म्हणजे केशवाहिन्यांचे पुंजकेच. या पेशींना अडकायला आयती जागा. नानांच्या पोटावर असे बरेच होते. काकू त्यांना 'ह्यांच्या माणिकमोत्या' म्हणायची. त्यातला एक, डाव्या बरगडीखालचा, गेला.

पॅथॉलॉजिस्ट बाईंनी मी शिक्षिका आहे हे कळल्यावर दुसऱ्या नेत्रिकेजवळ बसवलं. आधी कमी भिंगातून: वर त्वचेचा जांभळट पट्टा, खाली गुलाबी तंतू, त्याखाली चरबीचे मोठाले रिकामे कप्पे. सगळं शांत, व्यवस्थित. "हे बघा," म्हणून त्यांनी स्लाइड सरकवली आणि भिंग बदललं. चरबीच्या दोन कप्प्यांमधल्या फटीत एक बारीक वाहिनी, आणि तिच्या आत दाटीवाटीने गडद निळे, बेढब, मोठे केंद्रक. एकमेकांना रेटत होते, पण वाहिनीबाहेर एकही नव्हता. एकही. नंतर सीडी२० या बी पेशींवरच्या प्रथिनासाठी रंगवलेल्या स्लाइडवर त्याच पेशींभोवती तपकिरी कडी उमटली, म्हणजे बी लिम्फोसाइट. पक्कं निदान व्हायला बायोप्सीच्या तुकड्याचा मेणातला ब्लॉक मुंबईला गेला आणि तेच घेऊन परत आला. नानांना मी हे सांगितलं तेव्हा ते उशीला टेकून बसले होते. थोडा वेळ विचार करून म्हणाले, "म्हणजे टाकी भरलेली, घरातला नळ चांगला, आणि पाणी नाही. दोष मधल्या लाइनीत. मग तुमचे लोक इतके दिवस नळ का बदलत होते?" याला उत्तर नव्हतं, आणि त्यांना ते हवंही नव्हतं.

हा घोळ केवळ आमच्या घरातला नाही. ऑस्ट्रियातल्या फ्लेगर आणि टॅपायनर या डॉक्टरांनी १९५९ मध्ये पहिल्यांदा हा आजार नोंदवला तेव्हा त्यांना तो रक्तवाहिनीच्या अस्तराचा रोग वाटला. पेशी वाहिनीत दिसतात म्हणजे वाहिनीच्याच असणार, असा सरळ हिशेब. १९८० च्या दशकात पेशींना प्रतिपिंडांनी, म्हणजे अँटिबॉडींनी, रंगवण्याचं तंत्र आलं आणि कळलं की त्या लिम्फोसाइट आहेत, वाहिनी फक्त त्यांचं राहायचं ठिकाण. त्या बाहेर का पडत नाहीत याचंही एक कारण पुढे सापडलं. निरोगी लिम्फोसाइट वाहिनीच्या भिंतीला धरून, सांधीतून वाट काढून बाहेर पडते; त्यासाठी तिच्या अंगावर सीडी२९ आणि सीडी५४ नावाची प्रथिनं लागतात. या पेशींत बहुधा तीच नसतात. आत आल्या, पण दाराची कडी काढायला हात नाहीत. रिटुक्सिमॅब हे औषध येण्याआधीच्या काळात यातल्या कितीतरी रुग्णांचं निदान शवविच्छेदनातच झालं, हे वाचून मी त्या रात्री लॅपटॉप बंद केला. आजही जुन्या केस रिपोर्टांत शेवटची ओळ वाचायला मी टाळते.

केमोथेरपीच्या उपचाराचं नाव आर-चॉप. दर एकवीस दिवसांनी एक सायकल. त्यातला आर म्हणजे हे रिटुक्सिमॅब, सीडी२० ओळखून पेशीला चिकटणारं प्रतिपिंड. अमेरिकेत १९९७ मध्ये मंजूर झालं, आणि हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये त्याची देशी आवृत्ती आणली, म्हणून आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आलं, जरा ओढाताण करून. बाकीच्या औषधांत डॉक्सोरुबिसिन लालभडक असतं. नर्स ते हाताने हळूहळू सोडत असताना नाना तोंड फिरवून बसायचे. त्याने दुसऱ्या दिवशी लघवी लाल होते हे आधी सांगून ठेवलं होतं, तरी त्यांनी टीबीच्या गोळ्यांची आठवण काढून काकूला घाबरवलंच. व्हिंक्रिस्टिन सदाफुलीपासून बनतं, १९६३ पासून औषध म्हणून वापरात आहे. आमच्या मागच्या अंगणात सदाफुली माजलेली असते, देवाला वाहायलाही कुणी तोडत नाही. हे कळल्यावर काकूने तिला पाणी घालायला सुरुवात केली. घरच्या झाडाची पानं उकळून पिऊ नका, ते विष आहे, एवढं मात्र मी पटेलकाकांना दोनदा बजावून सांगितलं, कारण त्यांच्या डोळ्यांत ती कल्पना चमकलेली मला दिसली होती. या औषधाने नानांच्या बोटांची टोकं बधिर झाली. सदऱ्याची बटणं लावताना ते शिव्या द्यायचे, आणि आम्हाला बरं वाटायचं, कारण मधले कित्येक महिने त्यांच्यात शिवी देण्याइतकंही बळ नव्हतं.

हा आजार मेंदूच्या वाहिन्यांत शिरण्याची आणि तिथेच परतण्याची भीती असते, म्हणून मेथोट्रेक्सेट हे औषधही मोठ्या मात्रेत दिलं. ते दिवस कठीण गेले. त्यांच्याविषयी लिहिण्यासारखं फार नाही; तोंड आलेलं, मऊ भात, रक्तपेशी खाली, दाराबाहेर चपला काढून हात धुऊन यायचा फतवा, आणि गणपतीत नाना आतल्या खोलीतून आरती ऐकताहेत.

पीयूषिकेचं काय होणार हे कुणी आधी सांगत नव्हतं. वाहिन्या मोकळ्या झाल्या की ग्रंथी पुन्हा जागी झाल्याची उदाहरणं जगभरच्या केस रिपोर्टांत आहेत, न झाल्याचीही आहेत. संप्रेरकांच्या डॉक्टरांनी क्रम कडक पाळला होता: आधी कॉर्टिसोल, ते स्थिरावल्यावर मगच थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी. उलटं केलं तर थायरॉक्सिन शरीराचा वेग वाढवतं, असलेलं थोडंथोडकं कॉर्टिसोलही संपवतं, आणि माणूस पुन्हा न्हाणीघराच्या दारात. उपचार संपत आले तसे थायरॉइडचे आकडे सुधारले, मात्रा उतरत उतरत गोळी बंद झाली. आणि एक दिवस काकूने यादीत स्वतःच्या हाताने ब्लेड लिहिलं. मला फोन करून सांगितलं, वर म्हणाली, "महाग झालंय पाकीट." कॉर्टिसोल मात्र अर्धवटच परतलं. सकाळी उठल्यावर एक गोळी, दुपारी अर्धी, खिशात एक कार्ड: या माणसाला स्टेरॉइड लागतं, बेशुद्ध आढळल्यास आधी इंजेक्शन द्या. ताप आला की मात्रा दुप्पट. दुपारची अर्धी गोळी ते विसरतात आणि चारच्या सुमाराला चिडचिडे होतात. काकूला वाटतं गोळीमुळे, मला वाटतं मुळातच. तीन महिन्यांनी तपासणीला जातात, एलडीएचचा आकडा काकू डॉक्टरांच्या आधी वाचते.

या सगळ्यातून काकूला एक सवय लागली आहे. कुणी डॉक्टर 'वय झालं' म्हणाले की ती शांतपणे म्हणते, "तेवढं कागदावर लिहून द्या." हाडांच्या डॉक्टरांनी लिहून दिलं नाही, एक्स-रे काढायला सांगितला, निघालं काहीच नाही. गेल्या महिन्यात नानांच्या डाव्या डोळ्याला धूसर दिसायला लागलं. डोळ्यांचे डॉक्टर तपासून म्हणाले, मोतीबिंदू, वयाने येतोच. काकूने कागद पुढे केला. ते हसले आणि खरोखर लिहून दिलं. मग तिने विचारलं, स्टेरॉइडमुळे नाही ना आला? त्यांनी पुन्हा एकदा डोळ्यात प्रकाश टाकून पाहिलं आणि म्हणाले, थोडा हातभार त्याचाही असू शकतो, पण मुख्य म्हणजे नाना अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. हे तिला पटलं. ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं आहे. त्या दिवशी सकाळची गोळी दुप्पट घ्यायची, हे तिने संप्रेरकांच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं आणि त्याच कागदाच्या खाली, डोळ्यांच्या डॉक्टरांकडून सहीनिशी लिहून घेतलं.